चिऊचं दार

॥ रामकृष्णहरि ॥

श्रोतेहो, मायबाप हो, आज सेवेसाठी घेतलेला अभंग जगद्गुरू तुकोबारायांचा आहे. देवाजवळ लहानपण मागणारा. आत्ता टाळकऱ्यांबरोबर तुम्ही सगळ्यांनी तो म्हटलात. म्हणताना आवाज छान लागला होता तुमचा. पण मी इथून बघत होतो. पुढं ही चिल्लीपिल्ली बसली आहेत, ती गप्प होती. ज्यांच्याजवळ लहानपण आहे ते मागत नव्हते, आणि ज्यांचं हरवलंय ते मोठ्यानं मागत होते. बरोबरच आहे. जवळ असलेली वस्तू कोण मागतो?

आता लहानपण मागायचं म्हणजे काय मागायचं? मिशी पांढरी झालेल्या माणसानं पुन्हा रांगायचं का? तसं नव्हे. महाराज म्हणतात लहानपण, त्याचा एक अर्थ नम्रता. मोठेपणाला मार असतो, लहानाला गोड खाऊ मिळतो. हा अर्थ तुम्ही शंभर कीर्तनांत ऐकलाय. आज मी दुसऱ्या बाजूनं जाणार आहे. लहानपणी आपण ज्या गोष्टी ऐकल्या, त्या आता मोठेपणी पुन्हा ऐकायच्या. कान तेच, गोष्ट तीच, पण ऐकणारा निराळा झालेला असतो. त्यातून काय हाती लागतं, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही पंधरा दिवस चालत पंढरीला निघालोय. ज्ञानेश्वरी सांगा, भागवत सांगा. चिऊकाऊच्या गोष्टी काय सांगता? (श्रोत्यांत हशा.)

ठीक आहे. मग भागवतापासूनच निघू. नाथमहाराजांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, शके १४९५ साली काशीत पूर्ण केली, त्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. राजा विचारतो, अवधूता, तू एवढा आनंदात कसा? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. आणि गुरू कोण? पृथ्वी, वारा, आकाश इथवर आपण मान हलवतो. पुढं कबुतर येतं, अजगर येतो, मधमाशी येते, मासा येतो, हरिण येतं. अहो, ही तर बालवाडीच्या पुस्तकातली चित्रं! भात कांडणारी एक मुलगी येते. दारात पाहुणे आलेले, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून ती एकेक उतरवून ठेवते, हातात एकच ठेवते. अवधूत तिच्याकडून एकांत शिकला. आणि त्या चोवीसांत एक गुरू आहे अर्भक. लहान मूल. मानापमानाची चिंता नसलेलं, आपल्यातच रमलेलं. ज्याला परब्रह्म कळलं होतं त्याला कबुतराकडून शिकायची लाज वाटली नाही. आपल्याला मात्र वाटते. का वाटते? आपण दहावी पास आहोत म्हणून!

(विठ्ठल नामाचा गजर.)

दुसरं उदाहरण घ्या. पंचतंत्र. आपण ते पोरांच्या हातात देतो, वर रंगीत सिंहाचं चित्र असतं. पण ते सांगितलं कुणाला? दक्षिणेत महिलारोप्य नावाचं नगर, तिथं अमरशक्ती राजा. त्याला तीन पोरं, तिघंही अभ्यासाला शत्रू. राजाला घोर लागला. दरबारातले पंडित म्हणाले, नुसतं व्याकरणच शिकायला बारा वर्षं लागतात. तेव्हा विष्णुशर्मा नावाचा ऐंशी वर्षांचा ब्राह्मण पुढं आला. म्हणाला, मला धन नको, गावं इनाम नकोत; सहा महिन्यांत तुझी पोरं नीतीत तयार करतो. आणि त्यानं त्यांना गोष्टी सांगितल्या. सिंहाच्या, बैलाच्या, कोल्ह्यांच्या, कावळ्या-घुबडांच्या. उद्या ज्यांनी राज्य करायचं, कुणाला शिक्षा आणि कुणाला क्षमा हे ठरवायचं, त्यांच्यासाठी ही गोष्ट होती. पुढं सहाव्या शतकात इराणचा बादशहा अनुशिरवान याच्या काळात बुर्झोए नावाच्या वैद्यानं ती पहलवी भाषेत नेली, आठव्या शतकात ती अरबीत गेली, आणि आपले करटक-दमनक तिकडं कलीला आणि दिम्ना झाले. बादशहानं एवढा खटाटोप केला तो काय नातवंडांना झोपवायला? राजे लोक त्या गोष्टी स्वतःसाठी वाचत होते. आपण त्या पोरांना देऊन टाकल्या आणि आपण मोकळे झालो.

त्यातली एकच सांगतो. एक पक्षी होता. पोट एक, माना दोन, तोंडं दोन. एका तोंडाला एकदा अमृतासारखं गोड फळ सापडलं. दुसरं तोंड म्हणालं, मलाही चव दे. पहिलं म्हणालं, कशाला? पोट एकच आहे, तुला पोचलंच की! तर्कात चूक नव्हती हं. हिशेब बरोबर होता. पण दुसऱ्या तोंडाच्या मनात ते राहिलं. पुढं एक दिवस दुसऱ्याला विषारी फळ सापडलं. म्हणालं, हे मी खाणार. पहिलं ओरडलं, अरे खाऊ नकोस, पोट एकच आहे, दोघंही मरू! ते म्हणालं, मरू दे. आणि खाल्लं. झालं, संपली गोष्ट.

लहान मुलाला ही गोष्ट दोन तोंडांच्या पक्ष्याची. पण ज्या माणसानं भावाबरोबर वाटणी केलेली आहे, त्यानं ही ऐकताना जरा छातीवर हात ठेवून बघावा. एका पोटातून आलेली दोन तोंडं. कुणी कुणाला चव दिली नाही? कुणी विष खायला कमी केलं नाही? मी इथं पाट टाकून बसलेल्यांना विचारत नाही. मी मला विचारतोय. त्याचं कारण पुढं सांगतो.

आधी चिऊकाऊ.

ही गोष्ट आजची नव्हे. आपल्या मराठीतल्या अगदी जुन्या गद्यग्रंथात, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात, चक्रधरस्वामींनी ही गोष्ट सांगितल्याची लीळा आहे. सातशेहून जास्त वर्षं झाली. राज्यं आली नि गेली, ही गोष्ट टिकली. ती घरातल्या बायांच्या तोंडी टिकली. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. तो भिजत चिमणीच्या दाराशी आला. दार वाजवलं. चिमणी आतून म्हणाली, थांब जरा, बाळाला न्हाऊ घालतेय. कावळा थांबला. पुन्हा वाजवलं. आता बाळाचं अंग पुसतेय. पुन्हा वाजवलं. आता तीट लावतेय. मग काजळ, मग दूधभात, मग झोपवणं. पुढं प्रत्येक घरची गोष्ट जरा वेगळी. कुणाकडं कावळा चुलीपाशी चटका खातो, कुणाकडं चोरून चणे खातो आणि फजिती होते. पण मधला भाग सगळ्यांकडं तोच. दार, पाऊस, आणि आतून येणारं ते 'थांब'.

आता असं बघा. तुम्ही दोन वर्षांचे होतात तेव्हा ही गोष्ट ऐकताना कोण होतात? चिमणीचं बाळ! बाहेर पाऊस, आपण आत उबेत, आई न्हाऊ घालतेय, काजळ लावतेय. म्हणून तर गोड वाटायची. त्या वयात कावळ्याकडं लक्षच जात नाही. पुढं लग्न झालं, घर बांधलं, स्लॅब टाकला, दाराला कडी बसवली. आता त्या गोष्टीत तुम्ही कोण? चिमणी. कडी तुमच्या हातात. दार उघडायचं की 'थांब' म्हणायचं, हे तुम्ही ठरवणार. आणि आणखी वीस वर्षं गेली, गुडघे गेले, दृष्टी मंदावली, पोराच्या घरी जायची वेळ आली. दार वाजवलं. आतून सूनबाई म्हणते, थांबा, बाळाचं आटोपतेय. आता कोण झालात? कावळा!

गोष्ट बदलली नाही. आपली गोष्टीतली जागा बदलली. पोथी एकदा वाचली की कळली असं आपण म्हणतो का? पारायण करतो. ज्ञानेश्वरीची करतो, गाथेची करतो. मग आजीच्या गोष्टीचं एकदाच ऐकून कसं भागेल? तिचंही पारायण करावं लागतं. आणि देवानं त्याची सोय करून ठेवली आहे. आधी आपण पोर म्हणून ऐकतो, मग बाप म्हणून सांगतो, मग आजा म्हणून सांगतो. तीन पारायणं झाली!

(गजर : विठोबा रखुमाई.)

आता माझं सांगतो. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या संस्थेत मी चार वर्षं शिकलो. चाळीस वर्षं कीर्तनसेवा करतोय. दया, क्षमा, शांती या तीन शब्दांवर तीन तास बोलू शकतो. ही बढाई नाही, पुढं ऐका.

मला एक धाकटा भाऊ आहे. आमचे आबा गावच्या सप्ताहात वीणा घ्यायचे. आबा गेल्यावर वाटणी झाली. जमिनीची झाली, भांड्यांची झाली. वीणा धाकट्याकडं गेली. मी तोंडानं काही बोललो नाही, पण मनात धरलं. कीर्तनकार मी, आणि वीणा त्याच्या माळ्यावर! त्यात पुढं बांधाचं निघालं. दोन हात जागेचा प्रश्न. तो म्हणे मी कोरला, मी म्हणे त्यानं सरकवला. बोलणं बंद झालं.

मग एका वर्षी त्याचे फोन यायला लागले. मला वाटलं, बांधाचंच असणार, नाहीतर पैसे मागायचे असतील. फोन वाजला की नात घेऊन यायची. सहा वर्षांची. 'आजोबा, धाकट्या आजोबांचा फोन.' मी म्हणायचो, सांग, पूजेत आहेत. चार दिवसांनी पुन्हा. सांग, जेवायला बसलेत. पुन्हा. सांग, झोपलेत. सांग, कीर्तनाला गेलेत. पोरगी इमानानं सांगायची. असं सहा-सात महिने चाललं.

एका रात्री पाऊस होता. दिवे गेलेले. नात म्हणाली, गोष्ट सांगा. मी चिऊकाऊची सुरू केली. कावळा दाराशी आला, चिमणीनं सांगितलं न्हाऊ घालतेय. पुसतेय. तीट लावतेय. मी रंगात आलो होतो, आवाज काढत होतो. पोरगी उठून बसली. म्हणाली, 'आजोबा, म्हणजे धाकटे आजोबा कावळा आहेत का?'

मायबाप हो, चाळीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. शंका विचारणारे पंडित भेटले, त्यांना उत्तरं दिली. हिला उत्तर नव्हतं. तिनं माझ्यावर आरोप केला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चिमणी आहे हे तिनं न सांगताच ठरवून टाकलं होतं, आणि उरला तो कावळा कोण एवढंच ती विचारत होती.

बघा, मोठ्या माणसाला उपदेश केला की तो कवच घालतो. तू कोण मला सांगणार? तुझंच बघ आधी! पण चिमणीची गोष्ट सुरू झाली की माणूस बेसावध असतो. त्याला वाटतं, हे चिमणीचं चाललंय. तो चिमणीला नावंही ठेवतो. काय बाई निष्ठुर, दार उघडेना! आणि मग लक्षात येतं की कडीवर हात आपलाच आहे. लहान मुलांच्या गोष्टीत कुणाचं नाव नसतं, म्हणून ती सगळ्यांच्या घरात शिरते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावाकडं गेलो. भाऊ ओट्यावर होता. 'दादा, ये' म्हणाला. एवढंच. चहा झाला. मी विचारलं, फोन कशाला करत होतास? तो आत गेला आणि माळ्यावरून वीणा घेऊन आला, धोतरात गुंडाळलेली. म्हणाला, माझ्याकडं कुणी घेत नाही हिला. भोपळ्याला चीर पडत होती. तुझ्याकडं असावी म्हणून फोन करत होतो. तू पूजेत असायचास.

'तू पूजेत असायचास.' यात टोमणा नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं.

(काही क्षण शांतता. मग विठ्ठल नामाचा गजर.)

आता इथं एक चूक करू नका. तुम्ही म्हणाल, बघा, भाऊ द्यायला आला होता आणि महाराजांना वाटलं मागायला आलाय. म्हणजे तो द्यायला आला होता म्हणून दार उघडायला हवं होतं? नव्हे. गोष्टीतला कावळा द्यायला आलेला नाही. तो भिजलाय, मागायलाच आलाय. भाऊ पैसे मागायला आला असता तरी फोन घ्यायला हवाच होता. नाही म्हणायचं तर समोर येऊन नाही म्हणावं. चिमणीनं 'नाही' म्हटलं असतं तर कावळा दुसऱ्या झाडावर गेला असता. तिनं 'थांब' म्हटलं. 'थांब' म्हणून पावसात उभं ठेवणं, यात तिची चूक आहे. आणि ती खोटंही बोलत नव्हती हं! बाळाला न्हाऊ घालतच होती. मीही बऱ्याचदा खरंच पूजेत होतो. खरं कारण पुढं करून दार बंद ठेवणं, हे आपल्यासारख्या टाळकरी-माळकरी माणसाला फार छान जमतं.

बांधाचं काय झालं, असं तुमच्या मनात असेल. तो वाद अजून मिटलेला नाही. मोजणी व्हायची आहे. मी खोटं सांगणार नाही. पण आम्ही बोलतो. पोट एक आहे हे दोन्ही तोंडांना आठवतंय.

मायबाप हो, वारकऱ्याला दाराची गोष्ट नवी नाही. ज्ञानोबा माउली लोकांच्या बोलण्यानं दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. दार कुणी उघडायला लावलं? मोठ्या शास्त्र्यांनी नाही. धाकट्या बहिणीनं. मुक्ताबाई बाहेर उभी राहिली, आणि ताटीचे अभंग झाले. ज्यांच्या हातून ज्ञानेश्वरी झाली त्यांनाही घरातल्या लहानाचं ऐकावं लागलं. आणि मोठेपण असं की त्यांनी ऐकलं.

आणि दुसरं दार आपल्या पंढरीचं. चोखोबांची समाधी कुठं आहे? महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी. आत यायला त्यांना बंदी होती. पावसात उभा ठेवलेला किती मोठा भक्त! त्यांच्यानंतरही शेकडो वर्षं त्यांच्या माणसांना आतून 'थांब'च ऐकू येत होतं. हे दार उघडावं म्हणून १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला कोण बसलं? साने गुरुजी. कोण होते हे गुरुजी? पोरांना गोष्टी सांगणारे शाळामास्तर. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ज्यांनी 'श्यामची आई' लिहिली ते. लोक त्यांना हळवे म्हणायचे, पोरांचे लेखक म्हणायचे. पण पोरांच्या गोष्टी ज्यानं मनापासून सांगितल्या, त्याला बाहेर भिजणारा दिसला. तो दिसल्यावर त्याला आत बसवेना. प्राण पणाला लावला आणि विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. आज तुम्ही आम्ही कुणाचीही जात न विचारता दर्शनबारीत एकामागं एक उभे राहतो, त्यात एका गोष्टी सांगणाऱ्या माणसाची पुण्याई आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. माझं कीर्तन आठवलं नाही तरी चालेल. नातवंडाला जवळ घ्या, मोबाईल बाजूला ठेवा, आणि जुनी गोष्ट सांगा. सांगताना घाई करू नका. तात्पर्य सांगू नका. तात्पर्य आपल्यासाठी राहू द्या. आणि मूल मध्येच प्रश्न विचारेल तर 'गप्प बस, ऐक' म्हणू नका. ते जिथं अडवतं, तिथंच बहुतेक आपलं काहीतरी अडकलेलं असतं.

तुकोबारायांनी लहानपण मागितलं, ते देव एकदम देईलच असं नाही. पण घरात एखादं लहान मूल देतो, आणि त्याच्यासाठी गोष्ट देतो. तिथून सुरुवात करता येते.

आता जाता जाता सांगतो. आज आपले विणेकरी ज्या वीणेवर उभे आहेत, ती आबांचीच. भोपळ्याची चीर भरून घेतली आहे. जरा वेगळा आवाज येतो, पण सुरात आहे.

कुणाचा फोन घ्यायचा राहिला असेल, तर आता मुक्कामावर गेल्यावर करा. उशीर झालाय असं म्हणू नका. पाऊस अजून थांबलेला नाही.

बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!